खेळ तोच, पाठ वेगळा

विकलेला संगणकीय खेळ पुढे कंपनीने कायमचा बंद करून टाकावा का, या प्रश्नावर युरोपीय संघात नागरिकांच्या सह्या गोळा केल्या जात होत्या. ३१ जुलै २०२५ रोजी मुदत संपली, तेव्हा आकडा १४ लाखांच्या पुढे गेलेला होता. दहा लाखांचा टप्पा ओलांडला आणि सह्या तपासणीत टिकल्या की युरोपीय आयोगाला अशा मागणीवर उत्तर द्यावेच लागते. निमित्त ठरला 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ. २०१४ मध्ये बाजारात आलेला हा खेळ युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केला. सर्व्हर थांबले आणि ज्यांच्या कपाटात त्याची तबकडी होती, त्यांच्या हाती प्लास्टिकचे एक चकाकते वर्तुळ तेवढे उरले.

आपल्याकडे या घडामोडीची दखल फारशी घेतली गेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यावर मात्र रकानेच्या रकाने भरले. ते योग्यही होते. पैसे लावून खेळण्याने घरे उद्ध्वस्त होत होती. परंतु 'गेम' हा शब्द आपल्या सार्वजनिक चर्चेत आला की जुगार किंवा मुलांचे बिघडणे या दोन वाटांनीच येतो. खेळ ही एक रचना असते, तिला आवृत्त्या असतात, त्या आवृत्त्यांत फरक असतात आणि मूळ आवृत्ती नाहीशी होऊ शकते, हा विचार आपल्या वाटेवर अजून आलेला नाही. माझ्या वाटेवर तो आला लष्करात.

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास स्थिरावली आणि छावणीचे नावच पुढे वस्तीला चिकटले, ते हे लष्कर. तिथे माझे आजोळ. तिथला जुना वाडा रिकामा करायचा ठरल्यावर सामान लावायला मी गेले होते. माजघरातल्या भिंतीतल्या कपाटात वरच्या फळीवर आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या लाखी तबकड्या आणि खालच्या फळीवर मामेभावाच्या सीडी निघाल्या. वरच्या फळीबद्दल कोणाचे दुमत नव्हते. याच लष्करात कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये गांधर्व विद्यालय काढले. ग्वाल्हेर गायकीच्या तबकड्या रद्दीत घालण्याची भाषा तिथे कोणी करणार नाही. खालच्या फळीपाशी येऊन मात्र मामी थांबल्या. "हे तर सगळं आता फोनवरच मिळून जातं ना?" त्यांनी विचारले, आणि खोके दाराशी नेऊन ठेवले.

मामींचा प्रश्न रास्त होता. जगातले बहुतेक ग्राहक तोच प्रश्न विचारतात आणि 'होय' असे उत्तर गृहीत धरतात. 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीचा निष्कर्ष असा, की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात कोणत्याही रूपात मिळत नाहीत. पण माझा मुद्दा या ८७ टक्क्यांचा नाही. उरलेले जे मिळतात, ते तरी तेच असतात का?

खोक्यात 'क्वेक' या खेळाच्या दोन तबकड्या होत्या. हा १९९६ चा खेळ. एक सीडी बाड्यावरच्या कुठल्याशा दुकानातून पन्नास-शंभर रुपयांत आणलेली, मार्करने नाव लिहिलेली. दुसरी मूळ, कंपनीची. ती अमेरिकेतल्या आत्याने बऱ्याच वर्षांनी आणून दिली होती. मामेभावाने खेळ खेळला तो पहिल्या सीडीवर आणि मी शेजारी स्टुलावर बसून पाहिला. माझा डाव सर्वांत शेवटी येई आणि तोवर वीज गेलेली असे. अंधाऱ्या तळघरांतून चालणारा, पावलांचा आणि आरोळ्यांचाच तेवढा आवाज असलेला एक भयाण निःशब्द खेळ, अशी त्याची आमची आठवण आहे. ती आठवण चुकीची आहे. 'नाइन इंच नेल्स'च्या ट्रेंट रेझनरने या खेळाला संगीत दिले होते. ते संगीत खेळाच्या फायलींत नव्हते. तबकडीचा पहिला भाग संगणकासाठी आणि पुढचे दहा भाग साध्या गाण्याच्या सीडीसारखे, अशी तिची बांधणी होती. खेळ सुरू झाला की संगणक तबकडीवरचे ते भाग वाजवू लागे. नकलाकारांनी जागा वाचवण्यासाठी नेमका हाच ऐवज कापला आणि खेळाचा तेवढा सांगाडा विकला.

नकलाकारांची गोष्ट सोडून देता येईल. पण अधिकृत डिजिटल दुकानात, म्हणजे स्टीमवर, हा खेळ २००७ मध्ये आला तो देखील संगीताविनाच. तबकडीच नसल्यावर तबकडीवरचे संगीत वाजणार कुठून? ते परत आले २०२१ च्या पुनर्प्रकाशनात. म्हणजे मधली चौदा वर्षे पैसे मोजून घेतलेला खेळ आणि बाड्यावरची चोरटी सीडी यांच्यात, निदान कानापुरता, काही फरक नव्हता. चोराने आणि मालकाने एकाच जागी कात्री चालवली होती.

मामांकडे जुना सीडी प्लेयर अजून चालू स्थितीत आहे. मी मूळ तबकडी त्यात घातली. पहिला भाग ओलांडून दुसरा लावला आणि वाड्यात ते घुमणारे, धातूसारखे संगीत सुरू झाले. मामा आयुष्यभर ग्वाल्हेरची अष्टांग गायकी ऐकत आलेले. त्यांनी दोन मिनिटे शांतपणे ऐकले. "यात सूर कमी आहे, पण भीती बरोबर लागली आहे," असा अभिप्राय देऊन ते चहाला गेले.

मराठीच्या विद्यार्थ्याला या सगळ्यासाठी एक नेमका शब्द शिकवलेला असतो: पाठभेद. एकच ग्रंथ निरनिराळ्या पोथ्यांत निरनिराळा आढळतो. काही फरक लेखनिकाच्या नजरचुकीचे, काही जाणूनबुजून केलेले, काही काळाच्या ओघात शब्द न कळल्यामुळे झालेले. संगणकीय खेळांच्या डिजिटल पुनरावृत्त्यांत हे तिन्ही प्रकार आढळतात, आणि शिवाय एक चौथा, जो आपल्या पोथ्यांना ठाऊक नव्हता: करार संपल्यामुळे होणारा पाठभेद.

'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास' हा खेळ आपल्या सायबर कॅफेंच्या काळातला. मोटारीत बसले की रेडिओ लागतो आणि त्या रेडिओवरच्या गाण्यांतून १९९२ सालचे एक कल्पित राज्य उभे राहते. ही गाणी खरी आणि त्यांचे परवाने मुदतीचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये डिजिटल आवृत्तीला एक 'सुधारणा' आली आणि तिने अनेक गाणी काढून टाकली. याच मालिकेतल्या चौथ्या खेळाला २०१८ मध्ये दहा वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्यातल्या रशियन रेडिओ केंद्राची बहुतेक गाणी बदलली गेली. नवीन घेणाऱ्यांना तर ती मिळाली नाहीतच. ज्यांनी आधी पैसे भरले होते, त्यांच्या संगणकावरूनही ती गेली. तबकडीवरची गाणी काढून न्यायला घरी कोणी येऊ शकत नव्हते, इतकाच तबकडीचा मोठेपणा. पण तो लहान नाही.

करार संपणे निदान समजण्यासारखे आहे. सुधारण्याच्या हौसेने होणारा बदल अधिक विचार करायला लावतो. याच मालिकेतल्या तीन जुन्या खेळांची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये निघाली. त्याआधी जुन्या आवृत्त्या डिजिटल दुकानांतून उतरवल्या गेल्या होत्या. नव्या आवृत्तीसाठी जुनी धूसर चित्रे संगणकाकडूनच सुबक करून घेतलेली होती. 'सॅन अँड्रियास'मध्ये 'टफ नट डोनट्स' नावाचे एक दुकान आहे. 'टफ नट' म्हणजे खमक्या माणूस, आणि नट म्हणजे बोल्टावर बसतो तो लोखंडी नट. म्हणून दुकानाच्या पाटीवर डोनटच्या जागी सहा कोनांचा नट काढलेला होता. नव्या आवृत्तीत ते कोन हा जुन्या चित्राचा खडबडीतपणा ठरला आणि नट घासून गोल झाला. कोटी गेली, पाटी राहिली. इतर पाट्यांवर नवी चुकीची स्पेलिंगेही आली.

उपसंपादकाला हा प्रकार फार ओळखीचा आहे. लेखकाने मुद्दाम केलेली कोटी आपण घाईत 'चूक' म्हणून दुरुस्त करतो आणि सकाळी लेखकाचा फोन येतो. फरक इतकाच, की त्याच्याजवळ हस्तलिखित असते आणि ते आपल्याला दाखवता येते. त्या तीन खेळांच्या बाबतीत ग्राहकांनी हेच केले. जुन्या तबकड्या आणि नवी चित्रे शेजारीशेजारी ठेवून दाखवली. कंपनीने काही दिवसांतच दिलगिरी व्यक्त केली आणि जुन्या आवृत्त्या आपल्या दुकानात पुन्हा देण्याचे मान्य केले. हाती मूळ पाठ होता, म्हणून तक्रार सिद्ध करता आली.

'वॉरक्राफ्ट ३'च्या ग्राहकांचे हाल याहून वाईट झाले. जानेवारी २०२० मध्ये त्याची 'रीफोर्ज्ड' आवृत्ती आली, ती मूळ खेळाच्या शेजारी ठेवली गेली नाही, तर त्याच्या जागी बसवली गेली. २००२ च्या खेळाचे जे ग्राहक कंपनीच्या सर्व्हरवर एकमेकांशी खेळत, त्यांनाही तीच नवी, अवजड प्रणाली उतरवून घ्यावी लागली आणि जुन्यातल्या काही सोयी तिच्यात नव्हत्या. 'ब्लेड रनर' या १९९७ च्या खेळाची कथा सुखान्त आहे. त्याचे मूळ प्रोग्रॅम हाती नसताना 'स्कमव्हीएम' या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांनी तो कसा चालतो याचा अनेक वर्षे उलगडा केला आणि २०१९ च्या अखेरीस तो जीओजी या पोलिश दुकानात पुन्हा विक्रीला आला. २०२२ मध्ये त्याची 'सुधारित' आवृत्ती निघताच जुनी स्वतंत्रपणे मिळेनाशी झाली. नवी मूळापेक्षा फिकी आहे अशी ओरड झाली आणि जुनी परत ठेवली गेली.

म्हणून तबकडी पवित्र आणि डिजिटल भ्रष्ट, असा निवाडा मी देणार नाही. तबकडीवरचा खेळ अनेकदा चुकांनी भरलेला असे. सुधारणेच्या फायली नंतर वेगळ्या मिळवाव्या लागत आणि लष्करात त्या मासिकांसोबत येणाऱ्या सीडींतून मिळत. शिवाय तबकडीला कुलूप असे. नकल रोखण्यासाठी घातलेल्या सेफडिस्कसारख्या कुलपांना २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० मध्ये थारा नाकारला. त्यांचा चालक प्रणालीच्या सुरक्षिततेला भगदाड पाडणारा होता आणि निर्णय चुकीचा नव्हता. पण त्यामुळे दाम मोजून घेतलेल्या असंख्य मूळ तबकड्या नव्या संगणकांवर मुक्या झाल्या, आणि कुलूप मोडलेल्या चोरट्या प्रती मात्र चालत राहिल्या. जीओजीसारख्या दुकानांनी जुने खेळ कुलपाविना, आजच्या यंत्रांवर चालतील असे करून दिले नसते, तर त्यांतले कितीतरी आज केवळ नावाने उरले असते. आपल्या गोव्याच्या दमट हवेत तर तबकडीच्या आयुष्याबद्दल न बोललेलेच बरे.

आजोबांच्या फळीवरच्या तबकड्यांनाही हा न्याय लागू आहे. '७८ फेऱ्या' म्हणतो खरे, पण जुन्या काळी ध्वनिमुद्रण दर वेळी बरोबर त्याच गतीने होत असे, असे नाही. आज ती तबकडी सरसकट ७८ च्या गतीने फिरवून डिजिटल केली, तर गायकाची पट्टी वर-खाली सरकते आणि लयही बदलते. ऐकणाऱ्याला वाटते, बुवा असेच गात. ही चूक कळते ती फक्त तबकडी हाती असेल आणि पुन्हा फिरवून पाहता येत असेल तर. केरीच्या केसरबाई केरकरांचा स्वर १९७७ मध्ये 'व्हॉयेजर'वरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून सूर्यमालेबाहेर गेला आहे. तेवढ्या एका प्रतीत मात्र आता कोणी 'सुधारणा' करू शकत नाही. असो.

मूळ प्रत नसली की काय होते, याचा धडा आपल्या भाषेत फार आधी गिरवला गेला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती इतकी सर्वमान्य झाली की तिच्यापूर्वीचे पाठ मागे पडले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व मानलेली एक पोथी मिळवून १९०९ मध्ये छापली. त्या पोथीचे वय आणि तिची भाषा यांवर विद्वान वाद घालत राहिले, पण मूळ पोथीच आज उपलब्ध नाही. छापील पुस्तक आहे आणि संपादकाचा शब्द आहे. तो तपासायचा कशाशी?

आता कायद्याकडे वळू. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार संगणक प्रणाली ही 'साहित्यकृती'त मोडते. हा तांत्रिक तपशील नव्हे, फार मोठी मान्यता आहे. त्याच कायद्याचे कलम ५२ प्रणालीच्या कायदेशीर धारकाला ती नष्ट होण्यापासून बचाव म्हणून राखीव प्रत करू देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणे हा गुन्हा ठरवते. हेतूची ही अट महत्त्वाची आहे. म्हणजे मूळ तबकडी बाळगणाऱ्या घरगुती ग्राहकाशी आपला कायदा तसा सौम्य आहे. बाड्यावरच्या सीडीला हे संरक्षण नाही, हेही सांगायला हवे.

उणीव दुसरीकडे आहे. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेले प्रत्येक पुस्तक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि आणखी तीन ग्रंथालयांकडे पाठवण्याचे बंधन प्रकाशकावर घातले. नंतर वृत्तपत्रेही त्यात आली. कायद्याने 'साहित्यकृती' मानलेला संगणकीय खेळ मात्र कुठेच जमा होत नाही. आपल्या देशात बनलेल्या, सीडीवर निघालेल्या खेळांची एक प्रत सरकारी कपाटात असावी, असे कोणालाही सुचले नाही. अमेरिकेत ग्रंथालये निदान मागणी तरी करतात. बंद पडलेले खेळ अभ्यासकांना दुरून पाहू द्यावेत ही त्यांची विनंती तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये फेटाळली. कॅलिफोर्नियाने मात्र एक पाऊल टाकले. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल 'विकत घ्या' असे म्हणायचे असेल, तर ग्राहकाला प्रत्यक्षात परवानाच मिळतो आहे हे ठळकपणे सांगावे लागते. कायमचा उतरवून ठेवता येणारा माल यातून वगळला आहे. आपल्याकडे हे सांगण्याचे बंधन घालायला नवा कायदाही लागणार नाही, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम करता येतील. दुकानाने फक्त दोन गोष्टी लिहाव्यात: हा मूळ पाठ आहे की बदललेला, आणि बदललेला असेल तर काय गेले.

गोव्यापुरते म्हणायचे, तर पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२ पासूनचे आहे आणि पोर्तुगीज काळातली वृत्तपत्रे तिथे जपली गेली आहेत. ती छापली जात होती तेव्हा 'उद्याची रद्दी' हाच त्यांचा दर्जा होता. तिथे एक फळी, एक जुना चालता संगणक आणि तबकडी वाचणारे यंत्र ठेवले, तर राज्यातल्या घराघरांतून खोकी येतील. त्यांत पुष्कळ चोरटा माल असेल, तो वेगळा करावा लागेल. पण मासिकांसोबत आलेल्या सीडी असतील, शाळांसाठी बनवलेले मराठी-कोकणी कार्यक्रम असतील, ज्यांचे कोणीही कधी पुनर्प्रकाशन करणार नाही. आणि हे लिहिताना स्वतःकडेही पाहायला हवे. आमच्यासारख्या ऑनलाइन दैनिकात सकाळी वाचलेला मथळा दुपारी बदललेला असतो आणि सकाळचा कुठेच राहत नाही.

खोके मी दारातून उचलले. गोवा एक्सप्रेस ग्वाल्हेरला संध्याकाळी येते, तिसऱ्या दिवशी पहाटे मडगावला सोडते. बाहेरून जोडायचा एक ड्राइव्ह विकत आणून रोज रात्री एकेक तबकडी वाचत गेले. काही वाचल्या गेल्या, काहींनी नुसतीच घरघर केली. तळाशी एक सीडी होती, तिच्यावर मामेभावाच्या अक्षरात 'किल्ला' एवढेच लिहिलेले. 'एज ऑफ एम्पायर्स २' या १९९९ च्या खेळात स्वतःचे नकाशे रचण्याची सोय होती आणि त्याने दहावीच्या सुट्टीत ग्वाल्हेरचा किल्ला रचला होता, मानसिंह तोमराच्या काळातला. त्या मूळ खेळात भारतीय फौज नव्हती. ती २०१३ च्या विस्तारात आली आणि २०२२ मध्ये तिच्या जागी हिंदुस्थानी, बंगाली, द्राविड आणि गुर्जर अशा चार फौजा झाल्या. १९९९ च्या खेळात हत्ती हवे असतील, तर ते पर्शियनांकडे होते. त्यामुळे आमच्या किल्ल्याच्या दरवाजातून मानसिंहाचे सैन्य बाहेर पडते ते इराणी हत्तींवर बसून, आणि नकाशाच्या कोपऱ्यात, जिथे प्रत्यक्षात मामांचा वाडा आहे, तिथे त्याने एक झाड आणि एक विहीर काढून ठेवली आहे.